चाकावरचे हात

मोटार हाकणाऱ्या माणसाचे हात पाहत बसणे हा माझा एक जुना नाद आहे. कोणाला पोस्टाच्या तिकिटांचा नाद असतो, कोणाला जुन्या नाण्यांचा. त्यांच्या नादाला पैसे पडतात, माझा फुकट आहे, इतकाच काय तो फरक. मी स्वतः मोटार हाकीत नाही. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे वर्ध्याहून हिंगणघाटास शिकवावयास जाण्यायेण्याचे काम एस.टी.ने माझ्यासाठी केले आहे, आणि डाव्या रांगेतील अगदी पुढची बैठक मिळाली की माझा प्रवास सार्थकी लागतो. त्या बैठकीवरून ड्रायव्हरचे तोंड अर्धेच दिसते. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत त्याचे हात मात्र स्वच्छ नजरेस पडतात. तोंडाला सोंग आणता येते. कंडक्टरशी हुज्जत घालताना ते एक असते, ओळखीचा प्रवासी चढला की दुसरे होते. हातांकडे कोणी पाहत असेल अशी शंकादेखील त्यांच्या धन्याला येत नाही, म्हणून ते बिचारे आपले मोकळेपणी वागतात.

हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणारी मंडळी असतात, तशी चाक धरण्याच्या तऱ्हेवरून स्वभाव सांगणारीही मला भेटली आहेत. घट्ट धरणारा भित्रा, सैल धरणारा बेफिकीर, एका हाताने धरणारा गर्विष्ठ, असे त्यांचे शास्त्र. हे शास्त्र ऐकावयास गोड आहे, पण ते खरे नव्हे. माझे एक सहाध्यायी आहेत; तर्कशास्त्र शिकवितात. रस्ता ओलांडावयाचा तर दोन्हीकडे दोनदोनदा पाहतील आणि मग उद्या ओलांडू म्हणून परत फिरतील, इतके सावध. हेच गृहस्थ आपली मोटार डाव्या हाताच्या दोन बोटांनी हाकतात आणि उजव्या हाताने मला अनुमानाचे प्रकार समजावून सांगतात. उलट तालमीत वाढलेला, आवाजाने गल्ली हालवणारा माझा एक शेजारी तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावे तितक्या हळुवारपणे चाक सांभाळतो. स्वभावाने या दोघांची संगती लावून दाखवावी!

मग या तऱ्हा येतात कोठून? मला वाटते, हात शिकतो तो पहिल्या गाडीपाशी. पुढे माणूस गाडी बदलतो, पण हात आपला गुरू बदलीत नाही. प्रत्येक सवय कोणत्या ना कोणत्या गाडीवर एके काळी शहाणपणाचीच होती. गाडी भंगारात गेली तरी शहाणपण मागे राहते, आणि मग त्याला आपण खोड म्हणतो.

मी नोकरीस लागलो तेव्हाच्या एस.टी.च्या गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ते परातीएवढे चाक आठवत असेल. ते उगाच मोठे नव्हते. चाक म्हणजे तरफच. घेर जितका मोठा, तितका वळविण्यास जोर कमी. तरीही स्टँडात गाडी उभ्याउभ्या वळवावयाची म्हणजे ड्रायव्हर बैठकीवरून अर्धा उठे, छाती चाकावर नेई, आणि पंजा उलटा करून, म्हणजे तळहात आपल्याकडे आणि बोटे चाकाच्या आतून, अशा पकडीने विहिरीचा पोहरा ओढावा तसे चाक ओढून घेई. उन्हाळ्यात हे करताना त्याच्या कोपरावरून घाम ठिबके. यंत्राच्या साह्याने चाक हलके करण्याची युक्ती अमेरिकेतील विकत मिळणाऱ्या मोटारींत १९५१ साली आली. आमच्या स्टँडात यावयास तिला पुष्कळच वर्षे लागली. आता ती आली आहे. तेव्हाचे एक ड्रायव्हर निवृत्त होऊन वर्ध्यास असतात. मुलाने घेतलेली छोटी मोटार हाकतात. तिचे चाक करंगळीने फिरावे इतके हलके. पण वळण आले की त्यांचा पंजा अजून उलटा होऊन चाकाच्या आत शिरतो आणि खांदा पुढे झुकतो. समोर पोहरा नाही, दोरी नाही. ओढणे मात्र तेच.

जुन्या ट्रकांवर शिकलेल्यांची तऱ्हा निराळी. चाक आणि पुढची चाके यांच्यामधील सांधे झिजले म्हणजे चाक बोटभर इकडेतिकडे फिरवले तरी गाडीला त्याचा पत्ता लागत नाही. गॅरेजवाले याला ‘स्टिअरिंगला प्ले आहे’ असे म्हणतात. प्ले असलेली गाडी सरळ ठेवावयाची तर तिला सारखे डावीकडे-उजवीकडे चाळवावे लागते. जुन्या चित्रपटांतील नायक सरळ रस्त्यावर चाक गरगरा फिरवीत गाणे म्हणत असे, त्याला आपण हसतो. त्याच्या निर्मात्याने ती मोटार जुन्या बाजारातून आणली असावी, असे म्हणून मी तरी त्याला क्षमा केली आहे.

त्यातून आपल्याकडे ड्रायव्हर बसतो उजवीकडे. त्यामुळे उजव्या हाताला खिडकी मिळते आणि डाव्याला गिअरचा दांडा. हा श्रमविभाग मोठा विचित्र आहे. वळावयाचे, थांबावयाचे, मागच्याला पुढे जाऊ द्यावयाचे, या सर्वांच्या खुणा उजवा हात बाहेर काढून कराव्या लागत. गाडीच्या दिव्यांवर भरवसा नसण्याच्या काळात तेच खरे दिवे होते. डावा हात दर फर्लांगाला गिअर बदलण्यात गुंतलेला. म्हणजे दोन्ही हातांना दुसरीकडे नोकरी, आणि चाकाला मिळे तो त्या क्षणी ज्याला सवड असेल तो. आता दिवे चांगले आहेत, काचा बंद करून आत गारवा केलेला असतो, कित्येक गाड्यांना गिअर बदलण्याचीही गरज उरलेली नाही. तरी उजवे कोपर खिडकीची कड शोधते आणि डावा पंजा दांड्याच्या मुठीवर, मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा, विसावतो.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गुरू आहे, तो ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हाकणाऱ्याला पुढे जितके पाहावे लागते तितकेच मागे. नांगर किती खोल चालला आहे हे पाठीमागेच दिसते. म्हणून तो अंगाला पीळ देऊन बसतो, एक हात अवजार खालीवर करणाऱ्या दांड्यावर ठेवतो, आणि उरलेल्या एका हाताने चाक फिरवितो. त्यासाठी कित्येक ट्रॅक्टरांच्या चाकाला एक गोल मूठही बसविलेली असते. सेलूकडचा किंवा समुद्रपूरकडचा एखादा तरुण शेतकरी नवी मोटार एका हाताने, किंचित तिरपा बसून हाकताना दिसला, तर त्याला शहरी ऐट म्हणू नये. त्याच्या मागे अजून नांगर आहे.

शाळेत शिकलेले हात मात्र ताबडतोब ओळखू येतात. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी चाकाला घड्याळ मानले आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच वेळ शिकविली : दहा वाजून दहा मिनिटे. डावा हात दहावर, उजवा दोनवर. घड्याळाच्या दुकानात मांडलेली बंद घड्याळे बहुधा हीच वेळ दाखवीत असतात, त्यामुळे पुष्कळ दिवस माझी अशी कल्पना होती की जगातील सर्व शिकाऊ ड्रायव्हर त्या एकाच वेळेस परीक्षेला बसतात. या पकडीतही विचार होता. खांद्याच्या जवळ असलेल्या हातांनी जड चाक दोन्ही बाजूंना ओढता येई. अंगठे चाकाच्या आत अडकवू नयेत, असेही जुने शिक्षक बजावीत. कारण पुढचे चाक दगडावर आपटले म्हणजे त्याचा हिसका उलट वर येई आणि आत अडकलेला अंगठा मोडून जाई.

हे चाक तरी कोठे सनातन आहे? पहिल्या मोटारींना नावेच्या सुकाणूसारखा दांडा होता. १८९४ साली पॅरिसहून रुआँपर्यंत मोटारींची जी शर्यत झाली, तीत व्हाशेराँ नावाच्या गृहस्थाने आपल्या गाडीला दांड्याऐवजी चाक बसविले होते. ते चाक आता नुसते चाक राहिलेले नाही. त्याच्या पोटात हवेची पिशवी घडी घालून ठेवलेली असते. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरपुढे ती असलीच पाहिजे असा नियम आहे. टक्कर होताच सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शात ती फुगते. डोळ्याचे पाते लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. त्या क्षणी चाकाच्या माथ्यावर मनगट टाकून बसण्याची ज्याला सवय असेल, त्याचा हात त्याच्याच तोंडावर येऊन आदळावयाचा. पंजा उलटा घालणाऱ्याचीही तीच गत. म्हणून आताचे जाणते सांगतात की दहा-दहा सोडा, हात नऊवर आणि तीनवर ठेवा. मराठीत सांगावयाचे तर पावणेतीन. शंभर-सव्वाशे वर्षांत मोटारीच्या घड्याळात एवढाच बदल झाला. पण तो बदल हातांना कळविणार कोण? आकड्यांची घड्याळे पाहत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना तर दहा-दहा म्हणजे काय आणि पावणेतीन म्हणजे काय, हे खडूने फळ्यावर काढून दाखवावे लागते.

इतके सांगितले तरी सर्वांत जुन्या गुरूविषयी लिहावयाचे राहिलेच. माझे लहानपण आर्वी तालुक्यात गेले. तो गवळाऊ बैलांचा मुलूख. पांढरे, चपळ, दुडकी चालण्यात कोणास हार न जाणारे बैल. बंडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. धुरकऱ्याच्या हातातला कासरा मी तासन्‌तास पाहिला आहे. तो कधी ताठ नसे आणि कधी मेलेलाही नसे. बोटांतून सारखी काहीतरी बातमी बैलांकडे जाई आणि बैलांकडून परत येई. आर्वीच्या बाजारात कापूस घालून रात्री परतताना हाच धुरकरी रिकाम्या बंडीत आडवा होई, कासरा खुंटाला गुंडाळी, आणि घोरू लागे. बैल त्याला घरी आणून दारात उभे राहत. यात कोणाला नवल वाटत नसे. रस्ता बैलांना ठाऊक होता, खड्डा बैलांना दिसत होता, आणि समोरून दुसरी बंडी आली तर बाजू कशी द्यावी, हे दोन्हीकडचे बैल आपसांत ठरवीत.

जमनालाल बजाजांच्या काळात वर्ध्यात एका फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती हाकीत असत आणि बैल व फोर्ड मिळून तिला ‘ऑक्सफर्ड’ हे नाव पडले होते, अशी हकीकत आमच्याकडे सांगतात. इंग्रजीच्या प्राध्यापकाला हा विनोद आवडला नाही तर नवल. पण मला त्यात विनोदापेक्षा अधिक काही दिसते. मोटारीची गादी आणि बैलांचे शहाणपण असा तो संसार होता. आपण गादी ठेवली, शहाणपण सोडून दिले, आणि आता ते सगळे त्या दोन हातांकडून वसूल करतो आहोत.

हे मला लांबच्या रस्त्यांवर फार जाणवते. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला आहे. शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा सारा रस्ता पुरा झाला. मी त्यावरून चार-पाच वेळा गेलो आहे. फाटक नाही, चौक नाही, आडवे येणारे ढोर नाही, वळण असलेच तर वळण आहे हे कळू नये असे. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. म्हणजे एका सेकंदात तेहतीस मीटर. अशा वेगात चाक मात्र हातांकडे काहीच मागत नाही. मी मोजून पाहिले आहे : सेलूच्या बाजूने निघताना दहा-दहावर असलेले हात अर्ध्या तासात खाली घसरत घसरत सहावर येतात. चाकाच्या तळाशी चार बोटे लोंबत असतात आणि हात मांडीवर पडलेले असतात. तो आराम नसतो. कासरा खुंटाला गुंडाळण्याचाच तो प्रकार. हाताला आपल्या पूर्वजांचे आठवते : रस्ता सरळ आहे, रात्र आहे, बैल घरी नेतील.

माझी मुलगी पुण्यास नोकरी करते. सणावाराला येते आणि संध्याकाळच्या खासगी बसने परत जाते. आमच्या गावातील पुष्कळ घरांची हीच कहाणी आहे. सायंकाळी बस थांबते तेथे आईबापांचा एक लहानसा मेळाच भरलेला असतो. डबे दिले जातात, पाण्याच्या बाटल्या दिल्या जातात, त्याच त्या सूचना पुन्हा दिल्या जातात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. त्यांत आमच्या वर्ध्याहून बसलेलेही अनेक होते. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचा मला अधिकार नाही. पण त्या दिवसापासून बस थांबली की मी मुलीची पिशवी वर चढवितो आणि मग गाडीच्या पुढे जाऊन उभा राहतो. काचेतून ड्रायव्हरचे हात पाहतो. मुलीला वाटते, बाबा गाडीचा नंबर लिहून घेत आहेत.

त्या हातांत मी काय शोधतो? दहा-दहा नव्हे आणि पावणेतीनही नव्हे. बस निघण्यापूर्वी बहुतेक ड्रायव्हर उजव्या हाताची बोटे चाकाला लावून कपाळाला नेतात. दसऱ्याला याच चाकाला झेंडूची माळ घातलेली असते. ते पाहून मला बरे वाटते, परंतु तेवढ्याने माझे समाधान होत नाही. मला पाहावयाचे असते ते पुढच्या दहा पावलांतले. गाडी सरळ जात असतानाही जागा हात स्वस्थ नसतो. गव्हाच्या दाण्याएवढा डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा उजवीकडे, असा तो चाकाला सारखा चाळवीत असतो आणि हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. डोळा पेंगू लागला की प्रथम ही बारीक चाळवाचाळव थांबते. चाक निश्चल होते, गाडी हळूहळू कडेला सरकते, मग माणूस दचकतो आणि एकदम मोठा हिसका देतो. जर्मनीतील मर्सिडीझ कंपनीने २००९ साली ड्रायव्हरला झोप येत असल्याचे ओळखणारी योजना आपल्या मोटारींत घातली, ती प्रामुख्याने याच खुणेवर चालते : यंत्र चाकाच्या हालचाली मोजीत असते, आणि मोठ्या शांततेनंतर हिसका आला की सूचना देते. कासरा मेला आहे, एवढेच ते यंत्र ओळखते. माझ्या गावचा कोणताही बैल ते ओळखत असे. फरक इतकाच की बैल सूचना न देता पुढचे काम स्वतः करी.

आता तेही यंत्राकडून करवून घेण्याची खटपट चालली आहे. रस्त्यावरील पांढऱ्या रेघा पाहून आपल्या आपण मध्ये राहणाऱ्या मोटारी आपल्याकडेही आल्या आहेत. म्हणजे शतकाभराच्या पायपिटीनंतर आपण बैल परत मिळविले म्हणावयाचे. मात्र हे बैल फार संशयी आहेत. चाकावरचे हात काढले की ते काही सेकंदांतच तक्रार सुरू करतात. अमेरिकेतील काही चतुरांनी यावर तोड काढली : चाकाच्या आऱ्यात एक संत्रे खोचून ठेवले की यंत्राला वाटते हात आहेत. संत्र्याचा हा उपयोग आमच्या कारंजा-आष्टीकडच्या बागाइतदारांना अजून सुचलेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

परवा हिंगणघाटच्या गाडीवर माझ्या चांगल्या परिचयाचे एक ड्रायव्हर होते. वीस वर्षे त्यांच्या मागे बसून मी प्रवास केला आहे आणि त्यांच्या हातांइतके जागे हात मी दुसरे पाहिलेले नाहीत. गाडी सुटावयास अवकाश होता, म्हणून मी त्यांना विचारले, “का हो, सरळ रस्त्यावर तुम्ही हात कोठे ठेवता?”

त्यांनी चाकाकडे पाहिले, मग हातांकडे पाहिले, आणि म्हणाले, “मले नाही मालूम सर, कुठी राह्यतेत थे. कधी पाह्यलंच नाही.”

दुसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा भेटले. मी चढताच त्यांनी मान वळविली. “सर, तुम्ही इचारलं तवापासून माह्या हाताईकडंच ध्यान जाऊन राह्यलं. आता मांगच्या सीटवर बसा तुम्ही.”

मी निमूटपणे पाचव्या रांगेत जाऊन बसलो. तेथून हात दिसत नाहीत.